जकातीची तारीख वहीत लिहून ठेव

प्रिय बेटी,

अस्सलामु अलैकुम. तुझी स्वतःची कमाई सुरू झाली, तेव्हा जकातीचा, म्हणजे शिलकीतून गरजूंना द्यायच्या चाळिसाव्या हिश्श्याचा, हिशेब आता तूच मांडायचा.

जकात पगारावर नसते, वर्षभर टिकलेल्या शिलकीवर असते. साडेबावन्न तोळे (612.36 ग्रॅम) चांदीच्या किमतीइतके पैसे ज्या दिवशी साठले (तेवढ्यापासून जकात लागते), ती हिजरी, म्हणजे आपल्या चांद्र वर्षाची, तारीख लिहून ठेव. पुढच्या वर्षी त्याच तारखेला हिशेब. लोक सोयीसाठी 31 मार्च धरतात. हिजरी वर्ष 11 दिवसांनी लहान, त्यामुळे तेहतीसेक वर्षांत एका अख्ख्या वर्षाची जकात बुडते.

समज, खात्यात 2,44,800 आहेत. त्यातले 4,800 व्याजाचे. ते आधी बाजूला काढ आणि सवाबची (पुण्याची) नियत न ठेवता गरजूला देऊन टाक. ते जकातीत धरायचे नाहीत. उरले 2,40,000. मैत्रिणीला दिलेले 30,000 परत येणार असतील तर तेही मिळव. 2,70,000 भागिले 40, म्हणजे 6,750.

दागिन्यांवरून ऑफिसातल्या हनफी मैत्रिणींशी वाद घालू नकोस. त्यांच्याकडे अंगावरच्या सोन्यावरही जकात आहे. आपण कोकणी, शाफई. हनफी आणि शाफई हे शरियतचे दोन वेगळे पंथ. नेहमी वापरायच्या बेताच्या दागिन्यांवर आपल्याकडे नाही. मात्र बचत म्हणून लॉकरमध्ये ठेवलेली नाणी धरायचीच.

द्यायचं कोणाला? आईबापांना, आजीआजोबांना, स्वतःच्या मुलांना नाही. त्यांचा खर्च तसाही आपल्यावरच. गरजू चुलत-मावस भावंडांना आधी. नात्यातल्या विधवेला रमजानमध्ये साड्यांचा गठ्ठा पाठवण्यापेक्षा रोख दे. तिला फी भरायची आहे की दुकानाची उधारी, ते तिला ठाऊक. ‘ही जकात आहे’ असं सांगायची गरज नाही. नियत तुझ्या मनात असली की पुरे. नाहीतर पुढच्या लग्नात ती तुझी नजर चुकवत फिरेल.

उसने पैसे बुडाले की ‘माफ केले, जकातीत धरले’ असं करतात. ते चालत नाही. उसने घेणारा खरोखर गरजू असेल तर जकात त्याच्या हातात दे, कसलीही अट न घालता. मग त्यातून त्याने फेडलं तर फेडलं. उसने देताना रक्कम, मुदत लिहून घे, साक्षीदार ठेव. कुराणातल्या सूरह बकराच्या 282व्या आयतीत तसा हुकूमच आहे. अडचणीत असेल त्याला मुदत वाढवून द्यायची, हे 280व्या आयतीत.

फितरा, म्हणजे रमजान ईदचं धान्यदान, वेगळा. एकटी राहतेस, तर तुझा तू काढ: अडीच-तीन किलो तांदूळ, तू खातेस त्याच प्रतीचा, ईदच्या नमाजाआधी पोचता कर.

तुझे,
अब्बा