मशीनला हात लावायच्या आधी कुलूप
मंडळी, बेळगावातल्या उद्यमबाग-मच्छे कारखान्यांकडच्या सगळ्या मेंटेनन्सवाल्यांना परत सांगतोय, नुसतं स्टॉप बटण दाबून मशीन उघडू नका, मेन आयसोलेटर (मशीनची वीज पूर्ण तोडणारा मुख्य स्विच) ऑफ करून ज्याने त्याने आपलं कुलूप आणि नावाचा टॅग लावायचा, चावी आपल्याच खिशात. लाइट गेलीय म्हणून तसंच काम सुरू करणारे अजून आहेत, अहो लाइट कधी येईल काय सांगावं! प्रेसचा रॅम (वरखाली होणारा जड भाग) वर असेल तर खाली टेकवा नाहीतर ब्लॉक द्या, अ‍ॅक्युम्युलेटरचं, म्हणजे दाबाखालचं तेल साठवणाऱ्या टाकीचं, प्रेशर सोडा, गेज शून्यावर आलेलं स्वतः बघा. ड्राइव्हचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या युनिटचा) कपॅसिटर वीज तोडल्यावरही काही मिनिटं चार्ज राहतो, प्लेटवर लिहिलाय तेवढा वेळ थांबायचंच. मग स्टार्ट दाबून मशीन चालू होत नाही ना, याची खात्री करा. आणि दुसऱ्याचं कुलूप कुणी काढायचं नाही, शिफ्ट बदलली तरी.