बंडूबद्दल, आणि दहा दिवसांबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र तीन दिवस टेबलावर उघडंच पडलंय. ‘तुझं आणि बंडूचं किती छान जमलंय, आम्हीही एक बीगल आणावा म्हणतोय’ या तुझ्या वाक्यापाशी येतो आणि थांबतो. मी तुला पाठवलेले सगळे फोटो तो झोपलेला असतानाचे आहेत. जागा बंडू कसा असतो हे मी तुला कधी कळवलंच नाही. आज कळवतो, कारण तू आता कुत्रा आणायचं ठरवतो आहेस, आणि मला तुझ्याकडे काही मागायचंही आहे.

चार वर्षं झाली, तरी बंडू माझ्या स्वभावाचा कुत्रा नाही आणि मी त्याच्या स्वभावाचा माणूस नाही. त्याच्यावर माझा किती जीव आहे ते तू पाहिलं आहेस. पण जीव जडला म्हणजे स्वभाव जुळले असं होत नाही, हे मला त्याच्यामुळेच कळलं.

तू मला शाळेपासून ओळखतोस. चार माणसं जमली की मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. दिवसभर भाषांतराचं काम, घरात आवाज नको, वस्तू जागच्या जागी हव्यात. एकटेपणा मला कधी जड गेला नाही. कुत्रा हवासा वाटला तो अशासाठी, की लिहिताना पायाशी कुणीतरी मुकाट पडलेलं असावं आणि संध्याकाळी दोघांनी न बोलता लांबवर चालून यावं. बीगल निवडला तो आकार पाहून. खांद्यापर्यंत 33 ते 40 सेंटिमीटर उंची, आखूड केस, ते डोळे. वाटलं, लहान घरात मावेल. मावतोच. पण उंचीवरून तो कुठे झोपेल एवढंच कळतं. जागेपणी काय करेल हे कळायला, त्याच्या पूर्वजांना माणसाने कशासाठी पाळलं होतं ते विचारायला हवं होतं. ते मी विचारलं नाही.

बीगल हा इंग्लंडमधला सशाच्या मागावरचा कुत्रा. एकट्याने नव्हे, मोठ्या टोळीने माग काढणारा, आणि त्यांच्यामागून शिकारी बरेचदा पायी जायचे. हे चित्र डोळ्यांसमोर आण. कुत्री नाक जमिनीला लावून पुढे निघालेली, माणसं कुठेतरी मागे पडलेली, मध्ये झुडपं आणि उंच गवत. कुत्री दिसत नाहीत, ऐकू तेवढी येतात. माग सापडला की ती एक लांब, चढत जाणारा हेल काढतात, तो ऐकून माणसाला कळतं की कुठे जायचंय. शेपटीचं टोक पांढरं असतं तेही गवतात दिसावं म्हणूनच जपलं गेलं, असं सांगतात. रिट्रीव्हर माणसाच्या हाताकडे बघत काम करतो, मेंढपाळाचा कुत्रा शिट्टीकडे कान लावून असतो. बीगलला माणसाकडे बघायची गरजच नव्हती. उलट, मागे वळून विचारत बसणारा बीगल कुचकामी ठरला असता. ज्याला आपण हट्टीपणा म्हणतो, तो पिढ्यान्‌पिढ्या निवडून घेतलेला गुण आहे.

हे सगळं मी वाचलं ते नंतर. आधी फक्त आवाज होता.

पहिल्या महिन्यात मी त्याला घरी ठेवून तासाभरासाठी बाहेर गेलो. परत आलो तर जिन्यात शेजारच्या आजी उभ्या होत्या. त्या रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, ‘अरे, तो रडत होता रे सारखा.’ पुढच्या वेळी मी फोन रेकॉर्डिंगला लावून गेलो. दार बंद झाल्यावर चाळीस सेकंद शांतता, मग तो हेल. एक, मग दुसरा, मग थोडं थांबून तिसरा. मला आता वाटतं, तो त्या थांबण्यात ऐकत होता. टोळीतून कुणाची तरी साद येईल म्हणून. या कुत्र्यांना मोठ्या संख्येने एकत्र राहता यावं, खाण्यावरून एकमेकांवर धावून जाऊ नयेत, म्हणून मनमिळाऊपणाही त्यांच्यात पक्का केलेला आहे. म्हणजे मला जे सगळ्यात प्रिय, एका खोलीत एकटं असणं, तीच त्याच्यासाठी सगळ्यात मोठी शिक्षा होती. ती मी त्याला रोज द्यायचो आणि माझं प्रेम आहे असंही म्हणायचो.

बाहेर फिरायला गेलो की उलटं. तिथे मी त्याच्या लेखी जवळजवळ नसायचोच. अर्ध्या तासात आमचं तीनशे मीटरही अंतर व्हायचं नाही. प्रत्येक खांब, प्रत्येक ओला दगड. मी पट्टा ओढायचो, तो चारी पाय रोवायचा. हाका मारल्या तर कानही हलायचा नाही. मला अपमान वाटायचा, खरंच. मग कुठेतरी जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन संशोधकांबद्दल वाचलं. गेल्या शतकाच्या मध्यावर त्यांनी कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास केला, तो 13 वर्षं चालला. त्यात त्यांनी एक एकराच्या मैदानात एक उंदीर सोडला आणि वेगवेगळ्या जातींच्या कुत्र्यांना तो शोधायला किती वेळ लागतो ते मोजलं. फॉक्स टेरियरना पंधरा मिनिटं लागली. स्कॉटिश टेरियरना सापडलाच नाही. बीगलांनी एका मिनिटाच्या आत शोधला. आणि मी असं नाक असलेल्या प्राण्याला सरळ रेषेत चालायला लावत होतो, का, तर मला चालताना विचार करायला आवडतं.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी कुणालाच सांगितलेली नाही.

तो आठ महिन्यांचा असताना मी त्याला देऊन टाकायचं ठरवलं होतं. एक कुटुंब घरी येऊन बघूनही गेलं. चांगली माणसं होती. कुत्रा का हवाय, असं मी विचारलं, तर म्हणाले, घर लहान आहे, केस आखूड आहेत, चेहरा गोड आहे, आणि घरी शांतता असते, तेव्हा एक सोबत हवी. मित्रा, त्यांचं एकेक कारण माझं होतं. माझ्याकडे जे झालं तेच त्याच्या वाट्याला पुन्हा आलं असतं, फक्त ते मला दिसलं नसतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना नाही म्हणून कळवलं. त्यात मोठेपणा काही नव्हता. त्यांच्या तोंडून मला माझं बोलणं ऐकू आलं आणि ते सहन झालं नाही, एवढंच.

त्यानंतर मी त्याला बदलायचं सोडलं आणि दिवसाची मांडणी बदलली. सकाळचं फिरणं त्याचं, संध्याकाळचं थोडं माझं. सकाळी दहा मीटरची लांब दोरी, आणि तो नेईल तिकडे मी. मोकळ्या जागेत त्याला मी कधीच सोडत नाही. एकदा माग लागला की त्याला रस्ता, गाडी, माझी हाक, काही कळत नाही. घरी जुन्या खोक्यांत, टॉवेलच्या घड्यांत त्याचं खाणं लपवतो आणि शोधायला लावतो. वीस मिनिटं असं हुंगलं की तो जितका निवांत झोपतो, तितका तासभर पळूनही झोपत नाही. एकटं राहण्याची सवय मिनिटामिनिटाने लावली: आधी दोन मिनिटं बाहेर, मग पाच, मग दहा. तीन तासांपर्यंत यायला जवळपास वर्ष गेलं. त्यापलीकडे मी जात नाही. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, म्हणून दर आठवड्याला ते उघडून बघतो. खाणं मोजून देतो, कारण त्याला पुरे कधी म्हणता येत नाही आणि ही जात चटकन सुटते.

चोरीबद्दलही सांगायला हवं. तो खण उघडतो, पिशवीची चेन ओढतो. मी वैतागायचो. मग समजलं, की अमेरिकेच्या कृषी खात्याने 1984 मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर प्रवाशांच्या सामानातली फळं आणि मांस शोधायला बीगलच कामाला लावले. नाक तर आहेच, पण खाण्याची ओढ आहे आणि गर्दीत कुणी त्यांना घाबरत नाही. माझ्या घरात जो गुन्हा, तीच तिथे नोकरी. हे वाचल्यापासून मी खणाला कडी लावली आणि त्याला रागावणं थांबवलं.

तरीही सगळा दोष जातीच्या माथी मारू नकोस. 2022 मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता, 18 हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना विचारून केलेला. कुत्र्याकुत्र्यांतल्या वागण्याच्या फरकापैकी सरासरी फक्त 9 टक्के फरक जातीवरून सांगता येतो, असं त्यात दिसलं. तेव्हा शांत, आज्ञाधारक बीगलही कुठेतरी असणार. पण जे पिल्लू घरी येईल ते कुठल्या बाजूचं निघेल हे तुला आधी कळणार नाही. म्हणून जातीचं जुनं काम काय होतं ते बघ, आणि ते पूर्ण ताकदीने अंगात उतरलं तर ते तुला झेपेल का, ते स्वतःला विचार. तुझ्या पत्रात पुढे बॉर्डर कॉलीचंही नाव आहे, हुशार म्हणून. त्या जातीतल्या चेसर नावाच्या कुत्रीला 1,022 वस्तूंची नावं येत होती. पण त्यासाठी जॉन पिली नावाचे एक निवृत्त प्राध्यापक तीन वर्षं रोज चार-पाच तास तिला शिकवत होते. तुम्ही दोघं सकाळी बाहेर पडता ते संध्याकाळी येता. तेवढी हुशारी, शिकवायला कुणी नसताना, स्वतःचं काय करेल, याचा विचार कर.

एक सकाळ मात्र मला विसरता येत नाही. गेल्या वर्षी ताई राहायला आली होती. मी बंडूला तिच्यापाशी ठेवून पहाटे एकटाच टेकडीवर गेलो. खोटं कशाला बोलू, त्याच्यापासून दूर जायलाच गेलो होतो. बाकावर अर्धा तास बसलो, परत आलो. मग त्याला लांब दोरी लावून बाहेर काढलं. नाक खाली घालून तो जो निघाला तो थेट टेकडीकडे. मी पहाटे चिखल टाळायला एका झाडाला वळसा घातला होता, तोही त्या वळशाने गेला. एका जागी मी थांबून बुटाची नाडी बांधली होती, तिथे तो थबकला आणि गोल फिरला. शेवटी त्या बाकापाशी येऊन त्याने मी बसलो होतो ती जागा हुंगली, वर चढला, आणि तोंड वर करून तो हेल काढला. माझ्याकडे वळून बघितलंही नाही. त्याला मी सापडलो होतो आणि तो ते मागच्यांना कळवत होता. मागे मीच उभा होतो.

तो आवाज अजूनही माझ्या डोक्यात जातो. दुपारी काम ऐन रंगात असताना जिन्यात कुणाची चाहूल लागून तो सुरू झाला की माझे खांदे आखडतात, वाक्य तुटतं. चार वर्षांत यात फरक पडलेला नाही आणि पडेल असं वाटत नाही. पण तो काय म्हणतोय ते आता कळतं.

आता मागणं. पुढच्या महिन्यात मला कामासाठी दहा दिवस बाहेर जायचंय. त्याला पिंजऱ्यात ठेवणाऱ्या ठिकाणी सोडायची माझी तयारी नाही. तू त्याला तुझ्याकडे ठेवशील का? तुलाही बीगल झेपतो का ते कळेल, आणि पिल्लू आणल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. लांब दोरी, खोकी, खाण्याचं माप, कानांचं औषध, सगळं पाठवीन. फाटकाची कडी तेवढी तपासून ठेव, आणि त्याला एकटं सोडावं लागलं तर तीन तासांच्या वर नको.

हे विचारायला मी दोन महिने टाळत होतो. तुझ्या घरात सहा माणसं, दारं सताड उघडी, मुलांचा दंगा, आल्यागेल्याची वर्दळ. मला तुझ्याकडे दोन तासांवर बसवत नाही हे तुला माहीत आहे. पण बंडूला जे हवं असतं ते सगळं तिथे आहे. मला भीती वाटते की तो तिथे रात्री एकदाही हेल काढणार नाही. चार वर्षं मी जे शिकत आलो ते तुमच्या घरात त्याला आपसूक मिळेल, आणि मी न्यायला येईन तेव्हा तो उठून दारापर्यंत येईल की नाही, मला माहीत नाही.

तरी ठेव. आणि रात्री तो कसा झोपतो ते मला रोज कळव. माझं मन राखायला काही बदलून सांगू नकोस.

तुझाच