नेटवर्कबाहेरच्या प्रत्यारोपणाला विम्याचे उत्तर वेळेत मिळावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३ ऑगस्टच्या भारतीय अवयवदान दिनानिमित्त आपल्या दैनिकात आलेले लेख वाचले. देशात २०१३ मध्ये पाच हजारांच्या आत असलेली प्रत्यारोपणांची संख्या २०२३ मध्ये १८,३७८ वर गेली, ही आनंदाची गोष्ट आहे. अवयवदानाचा अर्ज भरा, नातेवाइकांशी बोलून ठेवा, हे आवाहनही योग्यच. मात्र अवयव मिळाल्यावर शस्त्रक्रियेचे पैसे कुठून येतात आणि हातात आरोग्य विमा असूनही माणूस कसा अडकतो, यावर कुठेच काही आले नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या धाकट्या भावाचे यकृत प्रत्यारोपण झाले. तो नोकरी करतो, कार्यालयाचा समूह विमा आहे, विमा रक्कमही पुरेशी होती. अडचण एकच होती. त्याच्यावर अनेक वर्षे उपचार करणारे डॉक्टर ज्या रुग्णालयात प्रत्यारोपण करतात, ते विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या रुग्णालयांच्या यादीत, नव्हते. हेल्पलाइनवरून सांगितले गेले, 'यादीतले कुठलेही रुग्णालय निवडा, सगळे कॅशलेस होईल', म्हणजे बिल कंपनी थेट रुग्णालयाला देईल. यादी आली. आम्ही एकेका ठिकाणी फोन केले, तेव्हा कळले की त्यातली बहुतेक रुग्णालये प्रत्यारोपण करतच नाहीत आणि जी करतात त्यांच्याकडे नोंदणी आहे ती फक्त मूत्रपिंडाची.

इथेच मूळ दुखणे आहे. मोतीबिंदू किंवा हर्निया असेल तर हे रुग्णालय नाही तर ते चालेल. प्रत्यारोपणात तसे होत नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या रुग्णालयात प्रत्यारोपण करताच येत नाही आणि ही नोंदणी त्या त्या अवयवासाठी वेगळी असते. त्यातच मेंदूमृत दात्याकडून अवयव मिळायचा असेल तर रुग्णाचे नाव विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीवर जाते ते रुग्णालयामार्फत. म्हणजे रुग्ण नुसता 'यादीवर' नसतो, एका विशिष्ट रुग्णालयाचा रुग्ण म्हणून यादीवर असतो. विम्यासाठी रुग्णालय बदला, असे सांगणाऱ्याला आपण काय सांगतो आहोत याची कल्पना नसते. पुन्हा सगळ्या तपासण्या, पुन्हा नव्या डॉक्टरांचे मूल्यमापन, पुन्हा कागदपत्रे, आणि तोवर पोटात पाणी साठत चाललेला, अधूनमधून गुंगीत जाणारा रुग्ण.

२०२४ च्या जानेवारीत सर्वसाधारण विमा परिषदेने, म्हणजे विमा कंपन्यांच्या संघटनेने, 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' ही सोय जाहीर केली. नेटवर्कमध्ये नसलेल्या रुग्णालयातही कॅशलेस उपचार मिळावेत, हा तिचा हेतू. हेतू उत्तम आहे. अट अशी की नियोजित उपचार असतील तर दाखल होण्याच्या किमान ४८ तास आधी कंपनीला कळवायचे, तातडीचे असतील तर दाखल झाल्यापासून ४८ तासांत. आता मेंदूमृत दात्याकडून मिळणाऱ्या यकृताचे काय करायचे? समन्वयकाचा फोन केव्हाही येतो. हृदय चार ते सहा तासांत बसवावे लागते, यकृत साधारण बारा तासांच्या आत. ४८ तास आधी कळवणे अशक्यच असते. आणि तातडीचे म्हणावे, तर रुग्ण कित्येक महिने यादीवर असतो, आजार जुना आणि कंपनीला माहीत असलेला. आम्ही हा प्रश्न आधीच विचारून ठेवला होता. कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने 'तातडीचे धरू' म्हटले, दुसऱ्याने 'हे नियोजित आहे' म्हटले. लेखी कोणीच दिले नाही.

शेवटी भाऊ दाखल झाला तो आम्ही पैसे भरून. मुदत ठेवी मोडल्या, आईने दागिने काढून दिले, उरलेल्यासाठी कर्ज घेतले. शस्त्रक्रिया चांगली झाली. ज्या कुटुंबाने आपले माणूस गेल्याच्या क्षणी दानाला होकार दिला, त्यांचे ऋण आम्ही कधीच फेडू शकणार नाही, ते आहेत कोण हेही आम्हाला ठाऊक नाही.

मग परतफेडीचा दावा टाकला आणि कात्री लागायला सुरुवात झाली. नेटवर्कमधल्या रुग्णालयाशी कंपनीचा दर ठरलेला असतो. बाहेरच्या रुग्णालयाच्या बिलाला 'वाजवी आणि रूढ खर्च' हे कलम लावले जाते, म्हणजे अशा उपचाराला साधारणपणे येणारा खर्च धरून तेवढेच पैसे देतात. हा वाजवी दर कोणत्या रुग्णालयांशी तुलना करून काढला, हे आम्ही विचारत राहिलो. तुलना यकृत प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयांशीच व्हायला हवी ना? दुसरी कात्री खोलीभाड्याची. प्रत्यारोपणानंतर रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवतात, नाहीतर शरीर नवा अवयव नाकारते. त्यामुळे संसर्ग टाळायला त्याला स्वतंत्र खोलीत ठेवावेच लागते. ही आमची हौस नव्हती, वैद्यकीय गरज होती. तरी पॉलिसीच्या मर्यादेपेक्षा वरची खोली म्हणून भाड्याबरोबर डॉक्टरांचे शुल्क आणि इतर खर्चही त्याच प्रमाणात कापले गेले.

त्या काळात एक गोष्ट मनाला फार लागली. प्रत्येक फोनला नवा माणूस, प्रत्येक पत्राला तेच छापील उत्तर. भावाची फाइल उघडून वाचली आहे, असे एकाही उत्तरावरून वाटले नाही.

आम्ही कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे गेलो, तिथे दाद लागली नाही म्हणून विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे. खोलीभाड्याची कपात तिथे रद्द झाली, दराचा प्रश्न अर्धाच सुटला. हा मार्ग लोकांना फारसा माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. लोकपालांकडे तक्रार करायला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालये आहेत. आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, की तिथून वर्षाच्या आत लोकपालांकडे जाता येते. ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात आणि त्यांचा निवाडा कंपनीने ३० दिवसांत पाळला नाही, तर विमा नियामकाच्या (आयआरडीएआयच्या) २०२४ च्या परिपत्रकानुसार रुग्णाला दिवसाला ५,००० रुपये दंड द्यावा लागतो.

जे आत्ता यादीवर आहेत त्यांना कळकळीने सांगते, फोनवर विसंबू नका. नाव नोंदवले त्याच आठवड्यात कंपनीला ईमेल करा आणि विचारा की तुमच्या नेटवर्कमध्ये या अवयवाच्या प्रत्यारोपणाची नोंदणी असलेले कोणते रुग्णालय आहे, त्याचे नाव लेखी द्या. हा एक प्रश्न फार उपयोगी पडतो, कारण उत्तर 'नाही' असेल तर कंपनीच्या यादीचा मुद्दाच उरत नाही, आणि उत्तरच आले नाही तर तेही लोकपालांपुढे ठेवता येते. सोबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र जोडा. हेच रुग्णालय का, रुग्णालय बदलल्यास काय धोका, आणि स्वतंत्र खोली का लागेल, हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. रुग्णालयाकडून खर्चाचा अंदाज लेखी घ्या, आणि नेटवर्कबाहेर कॅशलेस द्यायला त्यांची तयारी आहे का तेही विचारा, कारण कंपनी 'हो' म्हणाली तरी रुग्णालयाने मान्य करावे लागते. प्रत्यारोपण समन्वयकांना या कागदांची चांगली जाण असते, त्यांची मदत घ्या. नोकरीतला समूह विमा असेल तर कार्यालयालाही पत्रव्यवहारात घ्या. हप्ता ते भरतात, त्यांच्या पत्राला कंपनी लवकर उत्तर देते, हा आमचा अनुभव आहे.

दाता घरातलाच असेल तर आणखी एक खाच आहे. आपल्याकडे बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत दात्यांकडूनच होतात, म्हणून ही खाच हजारो घरांना लागते. बऱ्याच पॉलिसींमध्ये अवयव काढण्याच्या शस्त्रक्रियेचा दात्याचा रुग्णालय खर्च मिळतो, पण त्याआधीच्या तपासण्या, नंतरचे उपचार आणि दात्याला काही गुंतागुंत झाली तर तिचा खर्च वगळलेला असतो. पत्नीने नवऱ्याला यकृताचा भाग दिला आणि तिलाच पुढे त्रास झाला, तर त्याच आजाराच्या दाव्यात तिच्यासाठी जागा नाही. पॉलिसी घेताना हे पान कोणी उलटून पाहत नाही. दात्याची बिले आणि कागद पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा, नाहीतर दाव्याच्या वेळी मंजूर होण्याजोगे खर्चही अडकतात.

विमा नियामकाने मे २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले आहे की कॅशलेसची मंजुरी एका तासात द्या, डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्या, आणि परतफेडीचे दावे अगदी अपवाद म्हणूनच राहतील असे बघा. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला याचा लाभ व्हायचा तर आणखी थोडे करावे लागेल. प्रत्येक कंपनीने आपल्या नेटवर्कमधली रुग्णालये अवयवनिहाय नोंदणीसह जाहीर करावीत. रुग्णाचे नाव प्रतीक्षायादीवर गेले की ठरावीक दिवसांत कंपनीने त्या रुग्णालयाबाबतचा निर्णय लेखी द्यावा आणि पॉलिसी चालू असेपर्यंत तो पाळावा, म्हणजे रात्री फोन आला तरी मंजुरीची वाट बघावी लागणार नाही. रुग्णाच्या आवाक्यात त्या अवयवाची नोंदणी असलेले नेटवर्क रुग्णालय नसेल, तर बाहेरच्या रुग्णालयाला नेटवर्कमधलेच धरावे आणि दराचे काय ते कंपनीने रुग्णालयाशी ठरवावे. आणि दात्याच्या गुंतागुंतीचा खर्च वगळण्याची मुभा काढून घ्यावी.

आपल्या दैनिकाने हे प्रश्न नियामकाला आणि विमा परिषदेला विचारावेत आणि त्यांची उत्तरे छापावीत, अशी विनंती करते. विशेषतः ४८ तासांच्या अटीत मेंदूमृत दात्याकडून होणारे प्रत्यारोपण नियोजित धरायचे की तातडीचे, एवढे तरी त्यांनी एका ओळीत सांगावे.

आपली,
एका यकृत प्रत्यारोपित रुग्णाची बहीण
(कृपया नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये.)