ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीचे पॅड: दुकानात तापमान विचारा

महोदय,

इंदूरच्या शेजारी पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ पासून आहे, आणि स्पोर्ट्‌स कार बाळगणारे इथले हौशी चालक ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटपर्यंत गाडी घेऊन जातात. इंजिन आणि टायरवर ते हात सैल सोडतात. ब्रेक पॅड मात्र ‘जरा कडकवाला द्या’ एवढंच सांगून घेतले जातात. इथेच घोटाळा होतो. पॅड हाताला कडक लागतो की मऊ, याला महत्त्व नाही. किती अंशांपासून किती अंशांपर्यंत तो पकड धरतो, हे विचारायला हवं.

हिशेब करून पाहा. १४०० किलोची गाडी ताशी १८० वरून ७२ किलोमीटरवर आणली, तर जवळजवळ १५ लाख ज्यूल उष्णता ब्रेकमध्ये उतरते. त्यातली ७० टक्के पुढच्या चाकांवर धरली आणि पुढची प्रत्येक डिस्क (चाकाबरोबर फिरणारी, पॅड जिला आवळतात ती चकती) ८ किलोची असली, तर एकाच ब्रेकमध्ये ती सव्वाशे अंशांनी तापते. पुरती निवायच्या आत पुढचं वळण येतं. साधारण ३५० अंशांपुढे रस्त्यावरच्या साध्या पॅडमधलं रेझिन, म्हणजे पॅडचा माल बांधून ठेवणारी राळ, जळू लागतं, त्याचा वायू सुटतो आणि पॅड डिस्कवर नुसता घसरतो. घाट उतरणाऱ्या ट्रकच्या चाकांतून येतो तसाच जळका वास येतो.

बिघाड कुठे आहे ते पेडल सांगतं. पेडल दगडासारखं घट्ट, पण गाडी थांबत नाही, तर पॅड हरला. पेडल मऊ होऊन तळाला गेलं, तर ब्रेक ऑइल उकळलं. तिथे कितीही महागडा पॅड उपयोगाचा नाही. ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ‘डॉट ४’ या दर्जाच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू ताजं असताना २३० अंश, पाणी मुरल्यावर १५५. म्हणून ट्रॅकवर जाण्याआधी ते बदलून चारही कॅलिपरमधली (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागांतली) हवा काढावीच.

काही पॅडच्या कडेला ‘एफएफ’ किंवा ‘जीजी’ अशी दोन अक्षरं असतात. पहिलं थंड पॅडच्या घर्षणाचं, दुसरं गरम पॅडच्या. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पण ही चाचणी जेमतेम ३४५ अंशांपर्यंतच होते, त्यामुळे ट्रॅकसाठी त्या अक्षरांवर विसंबू नये. कंपनीचा तापमान-आलेख मागावा. दुकानदाराकडे तो नसेल, तर तिथून पॅड घेऊ नये.

याची दुसरी बाजूही आहे. ट्रॅकचा अस्सल पॅड थंड असताना नीट धरत नाही. सकाळी घरून निघून एबी रोडच्या पहिल्याच सिग्नलला गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन थांबते, हा धोका खरा आहे. शिवाय तो किंचाळतो आणि थंडपणी डिस्क खातो. रोजच्या वापराला रस्त्याचे पॅड ठेवावेत आणि ट्रॅकचे तिथे पोचल्यावर बसवावेत. हे फार तर तासाभराचं काम आहे.

नवे पॅड थेट जोरात वापरू नयेत. मोकळ्या, सुरक्षित जागी ताशी १०० वरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक लावावा. मग ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून निववावं. (कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळावी.) गरम ब्रेक दाबून गाडी उभी केली, तर पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि पेडल थरथरतं. मग मेकॅनिक ‘डिस्क वाकली’ म्हणून चांगली डिस्क बदलायला लावतो.

पुढे ट्रॅकचे पॅड बसवून मागे जुनेच ठेवले, तर मागची चाकं आपला वाटा उचलत नाहीत. मागे जास्त घर्षणाचे बसवले, तर ती आधी लॉक होऊन गाडी फिरते. चारही चाकांना एकाच मालिकेचे, कंपनीने सुचवलेल्या जोडीचे पॅड घ्यावेत. जाडी निम्म्यावर आली की पॅड ट्रॅकवर नेऊ नये, कारण पातळ पॅडमधून उष्णता सरळ कॅलिपरमधल्या ऑइलला भिडते. आणि फेऱ्या संपवून गाडी लावताना हँडब्रेक ओढू नये. गिअरमध्ये ठेवून चाकाखाली लाकडी ठोकळा द्यावा.

– एक वाचक, इंदूर