किमान तापमानाच्या चौकटीत ढग आणि वाराही द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की परभणीचं किमान तापमान पहिल्या पानावर येतं आणि जिंतूर, सेलू, पाथरीकडचा वाचक तोच आकडा आपल्या रानाचा समजतो. तो आकडा जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत मोजलेला असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर त्याच पहाटे जमिनीलगत २ ते ४ अंश कमी असू शकतात. थंड हवा जड असल्याने उताराने खाली येऊन ओढ्याकाठच्या सखल रानात साचते. जिंतूरसारख्या डोंगराळ तालुक्यात माळावरचा हरभरा निभावतो आणि खालची टोमॅटो-वांगी करपतात, ती यामुळेच.

‘थंडीची लाट’ हे शब्दही जपून वापरावेत. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी असेल, तर हवामान खातं लाट म्हणतं. म्हणजे सरासरी १३ असेल तर पारा ८.५ पर्यंत उतरायला हवा. तसंच डिसेंबर ते फेब्रुवारीचा हंगामी अंदाज हा तीन महिन्यांच्या सरासरीचा कल असतो. हिवाळा उबदार जाईल असं त्यात असलं, तरी मधल्या चार रात्री कडाक्याच्या निघू शकतात. त्यासाठी दर गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज आणि पाच दिवसांचा जिल्हा अंदाज पाहावा लागतो.

आमच्या मते खरी धोक्याची बातमी ‘थंडी गायब’ ही असते, आणि ती नेमकी आतल्या पानात दोन ओळींत उरकली जाते. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र झालं की इकडे पूर्वेचा दमट वारा सुटतो, आभाळ भरतं, रात्रीचा पारा चढतो. तूर शेंगेत आणि हरभरा फुलाघाट्यात (घाटे म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा) असताना हे वातावरण घाटेअळीला मानवतं. तेव्हा मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे कामगंध सापळे हेक्टरी ५ लावून रोज सकाळी त्यात अडकलेले घाटेअळीचे पतंग मोजावेत. एका सापळ्यात सलग दोन-तीन दिवस ८ ते १० पतंग आले, की ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी. अळी मोठी होऊन घाट्यात तोंड खुपसून बसली की औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही, पैसा मात्र जातो.

वारा उत्तरेचा, कोरडा झाला आणि आभाळ मोकळं झालं की दोन रात्रींत पारा उतरतो. फळबाग आणि भाजीपाल्याला अशा वेळी संध्याकाळी किंवा रात्री हलकं पाणी द्यावं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं आणि ओली जमीन खालची ऊब वर आणते. थ्री-फेज लाईट दिवसाची असेल तर दुपारी दिलेलं पाणीही चालतं. हरभऱ्याला मात्र थंडीच्या नावाखाली भरपूर पाणी देऊ नये. भारी काळ्या रानात तो उभळतो, पिवळा पडतो. पहाटे बांधावर ओला काडीकचरा धुमसत ठेवावा. जाळ करू नये, धूर पिकावर रेंगाळला तरच उपयोग. वारा वाहत असेल तर ही खटपट फुकट. गव्हाची काळजी नको, त्याला थंडी हवीच असते. शेळ्यांच्या पिलांना रात्री गोणपाटाचा आडोसा पुरतो.

आपल्याला विनंती एवढीच, की तापमानाच्या चौकटीत सरासरीपेक्षा किती कमी-जास्त, आभाळ कसं आणि वारा कुठला, हे तीन रकाने वाढवावेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तो बुधवारी व शनिवारी सकाळच्या अंकात पूर्ण छापावा. शुक्रवारचा सल्ला सोमवारी वाचायला मिळाला, तर पाणी द्यायची रात्र निघून गेलेली असते.

आपले,
काही शेतकरी वाचक, जिंतूर (जि. परभणी)