पत्रकारितेच्या एम.ए.तील चौदा क्रेडिट

महोदय,

राज्यातल्या विद्यापीठांत २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांची रचना बदलली. अभ्यासाचा भार क्रेडिटमध्ये मोजतात; दोन वर्षांच्या ८८ क्रेडिटपैकी चार क्रेडिट दुसऱ्या सत्रातल्या प्रत्यक्ष कामाला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘ओजेटी’ला आहेत, तर तिसऱ्या-चौथ्या सत्रात मिळून दहा क्रेडिट संशोधन प्रकल्पाला. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला बातमीदार म्हणून उभे करण्याची ताकद या चौदा क्रेडिटमध्ये आहे आणि तीच सर्वांत निष्काळजीपणे खर्ची पडतात. प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांना प्रशिक्षणाला घेणाऱ्या वृत्तपत्रांसाठीही हे पत्र आहे.

एका क्रेडिटला तीस तास या हिशेबाने ओजेटी १२० तासांची होते. रोज आठ तास काम केले तर पंधरा दिवसांत संपली. एवढ्याशा वेळात विद्यार्थ्याला दोन दिवस क्रीडा, दोन दिवस पुरवणी, दोन दिवस डिजिटल असे फिरवले, की त्याच्या हाती प्रसिद्धिपत्रके टाइप केल्याचे एक प्रमाणपत्र तेवढे राहते. कोणत्याही कार्यालयातला लिपिक त्याला ओळखत नाही आणि कोणत्याही विषयाच्या मागच्या बातम्या त्याने वाचलेल्या नसतात. म्हणून बीट, म्हणजे बातमीदाराचे ठरावीक कार्यक्षेत्र, पहिल्या सत्रातच ठरवावे, एकच ठरवावे आणि ओजेटी व संशोधन प्रकल्प दोन्ही त्याच बीटवर करावेत. पंचायत समिती, बाजार समिती, जिल्हा न्यायालय, एसटीचे विभागीय कार्यालय यांपैकी काहीही चालेल. घरापासून जवळ असावे, कारण तिथे वारंवार जावे लागते.

उदाहरण टँकरचे घेऊ. टंचाईच्या काळात गावाला टँकर मिळतो त्यामागे कागदांची एक साखळी असते: ग्रामपंचायतीचा ठराव, तालुक्याच्या पाहणीचा अहवाल, मंजुरीचा आदेश, टँकरची नोंदवही, वाहनाची जीपीएस नोंद आणि शेवटी ठेकेदाराचे देयक. देयकातल्या फेऱ्या, नोंदवहीतल्या सह्या आणि जीपीएसवरच्या फेऱ्या एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडल्या, की न जुळणाऱ्या तारखा आपोआप दिसतात. त्या तारखांना गावात पाणी आले होते का, हे विचारायला गावात जायचे. फरक दिसला म्हणून लगेच घोटाळा म्हणायचे नाही. जीपीएस यंत्र बंद पडलेले असू शकते, नोंदवही दुसऱ्या दिवशी भरलेली असू शकते. अधिकारी आणि ठेकेदार दोघांचेही म्हणणे लेखी मागायचे. एक तालुका आणि एक उन्हाळा एवढा आवाका दहा क्रेडिटच्या प्रकल्पाला भरपूर आहे. याउलट ‘समाजमाध्यमांचा तरुणांवरील परिणाम’ हा विषय घेऊन वर्गमित्रांकडून शंभर गुगल फॉर्म भरून घेतले, तर त्यातून शंभर वर्गमित्रांपलीकडे कुणाबद्दलही काही सिद्ध होत नाही.

हे कागद बहुधा माहिती अधिकारातूनच मिळवावे लागतात आणि इथे वेळापत्रक चुकले की प्रकल्प कोसळतो. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. त्यावर निर्णयाला ३० दिवस, कारणे नोंदवली तर ४५. म्हणजे साडेतीन-चार महिने धरूनच चालावे. अर्ज चौथ्या सत्रात केला तर उत्तर परीक्षेनंतर येते. दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे जाते, त्याचा निकाल प्रकल्पाच्या मुदतीत लागेल हे गृहीत धरू नये. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. म्हणून तीन विषयांचे तीन अर्ज करावेत, प्रत्येकाला दहा रुपये शुल्क. आणखी एक चूक नेहमी होते: ‘टँकर उशिरा का आला?’ असे विचारले जाते. माहिती अधिकाऱ्याने कारण सांगणे अपेक्षित नाही, उपलब्ध अभिलेख देणे अपेक्षित आहे. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या नोंदवहीच्या प्रती’ असेच लिहावे. लाभार्थ्यांची नावे आणि पत्ते मागितले तर वैयक्तिक माहिती म्हणून नकार येतो. गावनिहाय आकडे मागावेत.

आकड्यांचे आणखी थोडे. ४० टक्क्यांवरून ५० टक्के झाले तर वाढ दहा टक्के नाही. ती दहा टक्के-बिंदूंची, आणि टक्केवारीतच सांगायचे तर २५ टक्क्यांची. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी. वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी घाईत मराठीत आणताना या दोन ठिकाणी पाय घसरतो आणि वाचकाचा विश्वास जातो.

कायद्याचा पेपर पाठ करून सुटतो, पण डेस्कवर, म्हणजे बातम्यांचे संपादन होते तिथे, तो वेगळ्या रूपात समोर येतो. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेचे नाव गाळले जाते आणि त्याच बातमीत आरोपी वडिलांचे पूर्ण नाव व छोट्या गावाचे नाव छापले जाते. ओळख उघड झालीच. भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ आणि बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याचे कलम २३ ओळख पटेल असा कोणताही तपशील देण्यापासून रोखतात. अल्पवयीन मुलाची शाळा आणि शेजारही त्यात आला. विद्यार्थ्याने रोज एक छापील बातमी घेऊन ‘यातून ओळख पटते का?’ एवढेच तपासले तरी ही सवय लागते.

टंकलेखनाकडे फार दुर्लक्ष होते. मोबाइलवर फोनेटिक पद्धतीने भराभर लिहिणारी मुले डेस्कच्या कळफलकासमोर अडखळतात. इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक शिकावा आणि शासनमान्य परीक्षेचा मिनिटाला ३० शब्दांचा वेग तरी गाठावा. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार सरकतो, जोडाक्षरे फुटतात, ‘ऱ्या’ बिघडते. असा मजकूर पुन्हा मुळाशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नये. मोबाइलवरील चित्रीकरण आणि संपादन आठवडाभरात जमते, त्यासाठी वेगळा महागडा अभ्यासक्रम करण्याची गरज नाही.

प्रवेश कुठे घ्यावा, याचे उत्तर हेतूवर आहे. पुढे शिकवायचे असेल तर नेट या प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षेसाठी पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी, राखीव प्रवर्गाला ५० टक्क्यांनी, हवी. एक वर्षाची पदविका तिथे चालत नाही. थेट बातमीदारीत उतरायचे असेल तर पदविकाही पुरते. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ पासून पत्रकारितेचा विभाग आहे, भारतीय जनसंचार संस्थेच्या (आयआयएमसी) अमरावती केंद्रात मराठी पत्रकारिता शिकवली जाते. परंतु नावावर न जाता विभागात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: गेल्या वर्षी विद्यार्थ्यांच्या सरावाच्या वृत्तपत्राचे किती अंक प्रत्यक्ष निघाले, विद्यार्थ्याची प्रत, म्हणजे त्याने लिहिलेली बातमी, ओळ न् ओळ कोण तपासते, आणि मागच्या तुकडीचे प्रकल्प वाचायला मिळतील का. तिसऱ्याला नकार मिळाला तर दुसरीकडे चौकशी करावी.

आणि आपल्या वृत्तपत्रांकडे एक विनंती. ओजेटीला आलेल्या विद्यार्थ्याला एकाच उपसंपादकाच्या हाती सोपवावे. विद्यार्थ्याने दिलेली मूळ प्रत आणि छापून आलेली प्रत शेजारी ठेवून रोज दहा मिनिटे तरी कोणी त्याच्याशी बोलावे: मथळा का बदलला, तिसरा परिच्छेद वर का आणला, कोणते नाव का काढले. प्रवासखर्च द्यावा, नाहीतर ग्रामीण भागातून आलेला विद्यार्थी कार्यालयातच बसून राहतो आणि बीटवर जातच नाही.

आपला,
पत्रकारितेचा एक अध्यापक, पुणे