४६३६ वरचे संदेश वाचून देणाऱ्यांना

हैतीच्या भूकंपात तिथल्या क्रिओल भाषेतल्या संदेशांचं भाषांतर करणाऱ्या स्वयंसेवकांनो,

सप्रेम नमस्कार.

१२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर काही दिवसांतच हैतीत मदत मागण्यासाठी ४६३६ हा मोफत एसएमएस क्रमांक सुरू झाला. रेडिओनं तो घरोघर पोचवला आणि पुढे त्यावर सुमारे ८०,००० संदेश आले. आज या कामाबद्दल बोलताना लोक संदेश नकाशावर मांडणाऱ्या उशाहिदीचं, लोकांनीच मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचं नाव घेतात. त्यांचं मोल मोठंच आहे. पण संदेश होते क्रिओलमध्ये, आणि बाहेरून आलेल्या बहुतेक पथकांना क्रिओल कळत नव्हती. तुम्ही, त्यातही अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या हैतीच्या लोकांनी, संगणकासमोर ठाण मांडलंत म्हणून त्या हाका पथकांपर्यंत पोचल्या. त्यासाठी तुमचे मनापासून आभार.

प्रत्येक संदेशामागे तुम्हांला तीन कामं होती: भाषांतर, वर्गवारी आणि ठिकाण शोधणं. पहिली दोन कामं ती भाषा येणाऱ्या कुणालाही जमतील. कस लागायचा तो तिसऱ्यात. उदाहरणच घ्यायचं तर राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समधली ‘काफू फेय’ ही वस्ती. लोक उच्चाराप्रमाणे लिहितात, नकाशावर मात्र फ्रेंच पद्धतीनं ‘कारफूर-फय’. शोधून हाती काही लागत नाही. आणि नुसतं ‘काफू’ धरलं, तर पथक राजधानीच्या पश्चिमेला कारफूर नावाच्या वेगळ्याच शहराकडे निघतं. अशा वेळी ‘शाळेमागची गल्ली’ म्हणजे नेमकी कुठली, हे तिथे वाढलेला माणूसच सांगू शकतो. तुम्ही चॅटवर एकमेकांना विचारून ते सांगितलंत.

मग अक्षांश-रेखांश. दशांश चिन्हापुढे चार आकडे दिले की जागा साधारण ११ मीटरपर्यंत नेमकी कळते; दोनच दिले तर एक किलोमीटरहून जास्त फरक पडू शकतो, आणि ढिगाऱ्यांच्या शहरात तेवढ्या अंतरात माणूस सापडत नाही. पोर्ट-ओ-प्रिन्सचं रेखांश पश्चिमेचं, म्हणून आकड्याआधी उणे चिन्ह लागतं. ते गळलं की १८.५४, ७२.३४ हा बिंदू थेट अलिबागसमोर अरबी समुद्रात पडतो. एवढी मोठी चूक पटकन दिसते तरी. दुसऱ्या दशांशातला एखादा आकडा चुकला, तर ते वस्ती ओळखणाऱ्यालाच खटकतं.

संदेश गोळा करण्याच्या कामात तुमच्याकडून बरंच घेण्यासारखं आहे. आवाजी कॉल लागत नसताना एसएमएस पुष्कळदा पोचतो: तो मोजक्या जागेत मावतो आणि फोन बंद असला तरी केंद्रात थांबून राहतो. मात्र क्रिओलची è, ò ही अक्षरं मोबाइलच्या मूळ अक्षरसंचात असल्यानं एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात; देवनागरीत फक्त ७०. म्हणून लोकांना आधीच सांगावं लागतं: आधी जवळची ओळखीची खूण आणि ठिकाण लिहा, मग किती माणसं, मग काय हवं. नमस्कार, विनंती वगैरे सगळं गाळा. संदेश तुटला तरी ठिकाण हाती राहतं.

एकच हाक दहा जण पुढे पाठवतात, तेव्हा दहा घटना मोजल्या जातात. पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि खूण ताडून त्या एकत्र कराव्या लागतात, पण मूळ संदेश पुसायचा नाही. नाव आणि फोन नंबर पथकाला द्यायचा. जाहीर नकाशावर तो कधीच जाता कामा नये. आणि ज्या भागातून एकही संदेश नाही, तिथे सगळं ठीक आहे असं समजू नये. बरेचदा तिथला टॉवरच पडलेला असतो. आमच्या मते नकाशा वाचताना होणारी सगळ्यात महागडी चूक हीच.

पुढे हे काम हैतीतल्याच मिरबालेमध्ये पगारी पद्धतीनं सुरू झालं, हे फार योग्य झालं. भाषेची आणि गल्लीबोळांची जाण तिथेच होती. रोजगाराची गरजही तिथेच. कुठेही नवं संदेश-केंद्र उभं करताना सॉफ्टवेअर निवडण्याआधी आता आम्ही त्या भागातली भाषा येणाऱ्या माणसांची यादी करतो. ही सवय तुमच्यामुळे लागली.

आपले,
आपत्तीतल्या संदेशांची छाननी करणारे आम्ही काही जण